जुन्या व्यायामयंत्रांचे मोल कोणी ठरवावे?

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, एका गावात व्यायामशाळा चालवणाऱ्या मंडळाने काही वर्षांपूर्वी जुन्या व्यायामयंत्रांचे मूल्यांकन करायला मला बोलावले होते. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलाने पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या जिमचे नूतनीकरण काढले होते आणि तिथली जुनी यंत्रे, म्हणजे दोन ट्रेडमिल, एक क्रॉस ट्रेनर (उभ्याने हातपाय एकत्र चालवायचे यंत्र), एक मल्टी-जिम (केबलींनी वजने ओढून अनेक व्यायाम करायचे यंत्र) आणि डंबेलांचा पूर्ण संच, मंडळाला एकरकमी देऊ केली होती. मंडळाचे अध्यक्ष मला म्हणाले, "अहो, यंत्रे तर नव्यासारखी दिसतात. पाहुण्यांनी फारशी वापरलेलीच नाहीत. मग त्यांत तपासायचे ते काय?" त्यांचे म्हणणे अर्धे खरे होते. ट्रेडमिलच्या पडद्यावर एकूण वापराचे तास काढून पाहिले, तेव्हा ते खरोखरच थोडे निघाले. पण मोटरवरचे झाकण उचलल्यावर आत जे दिसले त्याने व्यवहाराचे स्वरूपच पालटले. स्क्रूंची डोकी गंजून फुगली होती, अॅल्युमिनियमच्या भागांवर पांढरी भुकटी जमली होती, आणि मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किट बोर्डावर तांब्याच्या रेषा हिरव्या पडल्या होत्या. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, दिवसभर उघड्या असलेल्या काचेच्या दारापाशी ते यंत्र काही वर्षे उभे होते. पाय थोडे पडले होते, पण खारा वारा अहोरात्र लागत होता.

गोव्यात जुन्या व्यायामयंत्राची किंमत केवळ त्याच्या वयावरून किंवा वापरावरून काढता येत नाही, असे मी आग्रहाने सांगतो ते या अनुभवामुळे. यंत्र कुठे उभे होते, हाही किमतीचाच भाग आहे. कांदोळी-कळंगुटच्या किनारपट्टीतले कमी वापरलेले यंत्र आणि फोंड्यातल्या एखाद्या गजबजलेल्या जिममध्ये सकाळ-संध्याकाळ राबलेले यंत्र शेजारी ठेवले, तर पुष्कळदा फोंड्याचे यंत्र अधिक मोलाचे ठरते. त्याचा बेल्ट झिजलेला असेल, पण बेल्ट बदलता येतो. आतून कुजलेल्या बोर्डाची आणि गंजलेल्या सांगाड्याची गोष्ट निराळी असते. मीठ हवेतला ओलावा ओढून धरते, त्यामुळे पाऊस नसतानाही लोखंडावर ओलसर थर टिकून राहतो. त्यात आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर बंद खोलीतली हवा सुकतच नाही. घामही खाराच असतो, हे विसरून चालत नाही. स्पिन बाइक, म्हणजे व्यायामाची जागेवरची सायकल, तपासताना मी आधी हँडलचा आणि सीटचा दांडा वरखाली करून पाहतो, कारण घाम तिथेच ओघळतो आणि दांडा गंजून आतल्या आत अडकून बसतो.

२०२० साली मार्चमध्ये देशभर जिमची दारे बंद झाली आणि ती उघडण्याची केंद्र सरकारची परवानगी ५ ऑगस्टपासून मिळाली. त्या वर्षीचा जवळजवळ अर्धा पावसाळा आपल्याकडची यंत्रे अंधारात, पंखा न लागता, एकाच जागी उभी होती. त्यांतल्या कित्येकांच्या बेअरिंगांतले ग्रीस घट्ट झाले, केबलींवर डाग पडले. ती यंत्रे आजही बाजारात फिरत आहेत आणि त्यांच्या पडद्यावर त्या बंद महिन्यांची कसलीच नोंद नाही.

आता मूल्यांकन म्हणजे नेमके काय, ते सांगतो. जुना माल घेणारा व्यापारी येतो, यंत्राभोवती एक फेरी मारतो आणि एक आकडा सांगतो. पुष्कळ लोक त्यालाच मूल्यांकन समजतात. तो त्याचा धंदा आहे आणि त्यात गैर काही नाही, पण तो आकडा खरेदीदाराचा असतो. ज्याला वस्तू घ्यायची आहे त्याने तिचे मोल ठरवू नये, आणि ज्याला विकायची आहे त्यानेही ठरवू नये. मूल्यांकन करणाऱ्याचा त्या व्यवहारात काहीही लाभ गुंतलेला नसावा. म्हणून त्याचे शुल्क आधी ठरलेले आणि ठरावीक असावे, किमतीच्या टक्क्यांवर कधीच नसावे. टक्केवारी घेणाऱ्या माणसाचा आकडा नकळतसुद्धा वर सरकतो.

दुसरा घोळ हिशेबाच्या वहीमुळे होतो. आयकराच्या हिशेबात यंत्रसामग्रीवर साधारणपणे दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा, म्हणजे किमतीतली घट, धरतात. समजा एक व्यावसायिक ट्रेडमिल ४,००,००० रुपयांना घेतली आणि पहिल्या वर्षी पूर्ण दराने घसारा धरला. पहिल्या वर्षाअखेर वहीत तिची किंमत ३,४०,००० उरते, दुसऱ्या वर्षाअखेर २,८९,००० आणि तिसऱ्या वर्षाअखेर २,४५,६५० रुपये. हा आकडा कर भरण्यासाठी आहे. तो घेऊन गिऱ्हाइकासमोर बसलेले जिममालक मी पाहिले आहेत, आणि बाजाराने तेवढी किंमत देऊ केली नाही की त्यांना आपण फसवले जात आहोत असे वाटते. उलट दणकट लोखंडी बेंच आणि प्लेटा यांच्या बाबतीत वहीतली किंमत खाली गेलेली असते, पण वस्तू अजून वीस वर्षे काम देईल अशी असते.

ट्रेडमिलवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण सर्वांत जास्त पैसा आणि सर्वांत जास्त लपवाछपवी तिथेच असते. प्रथम सांगाड्यावरच्या पट्टीवरून मॉडेल, अनुक्रमांक आणि उत्पादनाचे वर्ष टिपून घेतो व पावतीशी ताडून पाहतो. यंत्र घरगुती वर्गातले की व्यावसायिक, हे त्यावरून कळते. आयएसओ २०९५७ या आंतरराष्ट्रीय मानकात घरगुती वापरासाठी एच आणि व्यायामशाळांसाठी एस असे वेगळे वर्ग आहेत. घरगुती यंत्र जिममध्ये वापरले गेले असेल, तर ते वयाने लहान असले तरी थकलेले असते. मोटरच्या अश्वशक्तीचा आकडाही नीट वाचावा लागतो. सलग चालताना मिळणारी शक्ती आणि क्षणभर मिळणारी कमाल शक्ती यांत मोठा फरक असतो आणि जाहिरातीत बहुधा दुसराच आकडा ठळक छापलेला असतो.

मग यंत्र रिकामे चालवून क्लॅम्प मीटरने, म्हणजे तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाने, वीज किती ओढली जाते ते पाहतो, आणि नंतर एका माणसाला त्यावर सावकाश चालायला लावून पुन्हा पाहतो. वजन पडल्यावर आकडा प्रमाणाबाहेर चढला, तर बेल्ट आणि त्याखालची फळी यांच्यातले घर्षण वाढले आहे असे समजावे. बेल्टखाली हात घालून फळी चाचपली की जिथे पाऊल पडते तिथला गुळगुळीत थर उडालेला बोटांना लागतो. काही बनावटींची फळी उलटून दुसरी बाजू वापरता येते, तेव्हा नुकसान कमी धरावे लागते. पडद्यावरच्या तासांवर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. पडदा बदललेला असेल, तर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झालेली असू शकते. श्रोत्यांनी एवढी काळजी घ्यावी की झाकण स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठून राहते.

सुरुवातीच्या काळात मी एकदा झाकण न उघडता, बाहेरचे रूप आणि बेल्टची अवस्था पाहून अहवाल दिला होता. महिन्याभरात बोर्ड जळला आणि माझ्या शब्दावर यंत्र घेतलेल्या माणसाला भुर्दंड बसला. तेव्हापासून झाकण उघडू न देणाऱ्या मालकाचे यंत्र मी तपासत नाही.

मल्टी-जिममध्ये जीव असतो तो केबलीत. वरचे प्लास्टिकचे वेष्टन शाबूत दिसते, पण केबल पुलीवरून जिथे वळते तिथे आणि टोकाच्या जोडापाशी ती हलकेच वाकवून पाहावी. वेष्टनाला आडव्या भेगा असतील, किंवा हातमोज्याला एखादी तुटकी तार टोचली, तर ती केबल त्याच दिवशी बंद करावी. नवी केबल यंत्राच्या मानाने स्वस्त असते, म्हणून किमतीतून तेवढीच वजावट होते; पण पन्नास किलोचा भार डोक्यावरून ओढणाऱ्या मुलाच्या दृष्टीने तो प्रश्न पैशाचा नाही.

लोखंडाच्या प्लेटा आणि डंबेल यांना फार वेळ लागत नाही. प्लेटा वजनकाट्यावर घालाव्यात, कारण स्वस्त प्लेटांवरचा आकडा आणि खरे वजन जुळतेच असे नाही. पुरुषांचा ऑलिंपिक बार, म्हणजे प्लेटा अडकवायचा दांडा, २० किलो वजनाचा आणि २.२ मीटर लांबीचा असतो. तो सपाट फरशीवर घरंगळवला की वाक लगेच दिसतो.

एकाच यंत्राची एकच किंमत असते, असेही नाही. सवडीने गिऱ्हाईक शोधून विकले तर एक किंमत येते, भाड्याची मुदत संपत आल्यामुळे आठ दिवसांत जागा रिकामी करायची असेल तर दुसरी येते, आणि विम्यासाठी त्याच प्रकारचे नवे यंत्र आणायला किती पडेल ती तिसरी असते. भागीदारी मोडताना एकाने यंत्रे ठेवायची आणि दुसऱ्याने रोख घ्यायची असे ठरते, तेव्हा कोणती किंमत धरायची हे दोघांनी मूल्यांकनापूर्वी लिहून द्यावे. म्हापशात दोन मित्रांचे वर्षानुवर्षांचे नाते याच एका मुद्द्यावर तुटताना मी जवळून पाहिले आहे. दोघांचेही आकडे आपापल्या परीने बरोबर होते.

कंपनी कायद्याखाली मूल्यांकन हवे असेल, तर २०१३ च्या कायद्याच्या कलम २४७ प्रमाणे नोंदणीकृत मूल्यांककच लागतो आणि त्याची नोंदणी यंत्रसामग्री या वर्गात असावी लागते. ही नोंदणी भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे होते. गावातल्या मंडळाला किंवा घरगुती विक्रेत्याला तशी सक्ती नाही. तिथे यंत्रांची दुरुस्ती जाणणारा, त्रयस्थ आणि लेखी अहवाल देणारा माणूस पुरेसा आहे. अहवालात प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक, छायाचित्र, चाचणीत आढळलेले दोष, दुरुस्तीचा अंदाज आणि किंमत कोणत्या आधारावर काढली ते वेगवेगळे लिहिलेले असावे. सगळ्या जिमचा मिळून एकच गोल आकडा देणारा कागद परत करावा. मूल्यांकक येण्यापूर्वी यंत्रांना नवा रंग मात्र देऊ नये. ताजा रंग दिसला की त्याखाली काय आहे हे शोधण्यातच त्याचा वेळ जातो आणि संशयाचा तोटा विकणाऱ्यालाच होतो.

डिचोलीच्या मंडळाने शेवटी डंबेल, मल्टी-जिम आणि क्रॉस ट्रेनर घेतले. मल्टी-जिमच्या दोन केबली हॉटेलाने स्वखर्चाने बदलून दिल्या. एक ट्रेडमिल दुरुस्तीचा खर्च वजा करून मिळाली आणि दुसरी मंडळाने नाकारली. हे सर्व मे महिन्यात ठरले होते, पण यंत्रे हलवायला चतुर्थी उलटली. अहवालावर मी तारखेसोबत एक ओळ लिहिली होती, की पावसाळा मध्ये गेल्यास यंत्रे पुन्हा तपासून घ्यावीत. अध्यक्षांनी ती ओळ लक्षात ठेवून मला सप्टेंबरमध्ये परत बोलावले, आणि क्रॉस ट्रेनरच्या बेअरिंगांची किंमत आम्हाला नव्याने मांडावी लागली.

नमस्कार.