फोंड्यातला चौरंगी डाव

[राजांगणात पाऊस. आत टेबलावर पत्त्यांचे चार गठ्ठे म्हणजे डेक, फाशांचा ढीग.]

फोंडा. रविवारची दुपार. चित्रं रंगवलेली पत्त्यांची पानं आपल्याला नवी नाहीत. पलीकडे सावंतवाडीला दशावतारी गंजिफा अजून रंगवतात, १२० गोल पानांचा. इथे मात्र 'मॅजिक: द गॅदरिंग' चाललंय. रिचर्ड गारफिल्ड यांचा, १९९३ सालचा खेळ. त्यातला हा 'कमांडर' प्रकार: डेक १०० पानांचा, साध्या जमिनी (मंत्र टाकायची ताकद, म्हणजे 'मना', देणारी पानं) सोडल्या तर एकही पान दुसऱ्यांदा नाही, प्रत्येकाचा एक सेनापती आणि ४० प्राण.

'मना क्रिप्ट'सारखी महागडी पानं सप्टेंबर २०२४मध्ये या प्रकारातून बाद झाली. बंदी घालणाऱ्या समितीला धमक्या आल्या, तिने कारभार खेळ काढणाऱ्या कंपनीकडे सोपवला. या टेबलावर तसली पानं कधी नव्हतीच.

[फासा, जवळून.]

लाल डेकचा सेनापती क्रेंको. हे पान आडवं केलं, की आपल्याकडे जितके गॉब्लिन तितकेच नवे. आधी तो एकटा. मग दोन. चार. आठ. सोळा.

आणि इथेच लाल फसला. सोळा गॉब्लिन दिसल्यावर उरलेले तिघे काही न ठरवता एका बाजूला झाले. चौघांच्या डावात पुढे असणं म्हणजे तिघांच्या नजरेत असणं.

आता निळ्याकडे बघा. त्याने अजून कोणावर हल्ला केलेला नाही. जमिनी सोडल्या तर समोर 'ऱ्हिस्टिक स्टडी' एवढं एकच पान. दुसऱ्या कोणी मंत्र टाकला, की हा विचारतो, "एक भरतोस?" जादा मना भरला नाही, की निळा एक पान उचलतो.

"घे रे बाबा, घे!"

प्रत्येक जण मनातल्या मनात म्हणतो, भरेल दुसरा कोणीतरी. माझ्या मते डाव गेला तो या "घे रे"मध्ये. पुढचं सगळं त्याचं व्याज.

हिरवीवाली लालला सांगते, "माझ्यावर येऊ नको, पांढऱ्याला मी बघते." असा सौदा पाळायची सक्ती कुठल्याच नियमात नाही. तो शब्दावर चालतो.

[निळ्याचा हात पानाकडे.]

हिरवीची पाळी संपत आली. यानंतर पाळी निळ्याची. तेवढ्यात तो सात मना मोजतो: 'सायक्लॉनिक रिफ्ट'. जमिनी सोडून तिघांचं सगळं ज्याच्या त्याच्या हातात परत. गॉब्लिन तर नुसती टोकनं, खरी पानं नव्हेत, त्यांना परतायला हातच नाही. क्रेंको तेवढा मागे येतो. हिरवीला पाळी संपवताना हातातली सातावरची पानं टाकूनही द्यावी लागतात. हेच पान निळ्याने स्वतःच्या पाळीत टाकलं असतं, तर तिघांना पुन्हा मांडामांड करायला एकेक पाळी मिळाली असती.

दोन फेऱ्यांत निळा जिंकला.

पुढच्या डावात तिघांनीही पहिला हल्ला त्याच्यावरच केला.