मराठी ब्लॉगवाले गेले कुठे? आणि तो ‘ब्लॉग-पोस्ट’चा घोळ

राम राम मंडळी, नागपुरातून. मागच्या व्हिडिओखाली सगळे एकच विचारून राहिले: “भाऊ, मराठी ब्लॉगवाले गेले कुठे?” आणि त्याखाली ठरलेलं उत्तर, “फेसबुकने खाल्ले.” इतकं सोपं नाही राजेहो.

इतिहास पटकन उरकतो. ब्लॉग लिहायच्या दोन मोठ्या सोयी: ब्लॉगर आणि वर्डप्रेस. ब्लॉगर १९९९ चं, गूगलने ते २००३ मध्ये घेतलं, वर्डप्रेसही त्याच वर्षी आलं. पुढे.

“वेळ मिळत नाही” हे कारण सगळे देतात. पण वेळ तेव्हाही नव्हताच. वैयक्तिक ब्लॉगचं खरं दुखणं असं, की साठवलेल्या आठवणी काही महिन्यांत लिहून संपतात आणि तोवर सासरच्यांना, नाहीतर साहेबांना ब्लॉगचा पत्ता लागतो. मग प्रत्येक वाक्याआधी हात थबकतो.

दुसरं कारण वाचकाच्या बाजूचं. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झालं. त्यात आवडत्या ब्लॉगांच्या नव्या नोंदी एका जागी दिसायच्या. तीन महिन्यांतून एकदा लिहिणाऱ्याचीही नोंद वाचकासमोर यायची. ते गेल्यावर जास्त मार बसला तो या कधीमधी लिहिणाऱ्यांना, कारण रोज कोण बघायला जातं काही नवं आलंय का म्हणून? मग ते फेसबुकवर लिंक टाकू लागले. “वा, मस्त!” तिथेच पडायचं, ब्लॉगखाली शुकशुकाट. पुढच्या वेळी माणूस मजकूरच तिथे टाकतो. आणि दोन वर्षांनी स्वतःचाच लेख स्वतःला सापडत नाही.

आता माझा आवडता राग. पत्ता! ब्लॉगरवर शीर्षक निव्वळ देवनागरीत दिलं की लिंक काय तयार होते? ‘ब्लॉग-पोस्ट डॉट एचटीएमएल’. महिन्यातली दुसरी नोंद? तेच, पुढे कुठलातरी आकडा. ‘सावजी रस्सा’ लिहा की ‘फुटाळ्याची संध्याकाळ’, पत्त्यात दोन्ही ब्लॉग-पोस्ट. शीर्षकात एखादा शब्द रोमन लिपीत असला तर तेवढाच उरतो. दहा वर्षांनी कुणी जुनी लिंक पाठवली, तर ती बघून कळतच नाही आत काय आहे.

वर्डप्रेसवर उलटा घोळ. ते देवनागरी ठेवतं, पण कॉपी केली की प्रत्येक अक्षराची, मात्रेची सुद्धा, टक्क्याच्या चिन्हांसकट ९ चिन्हं होतात. मर्यादा २०० चिन्हांची, म्हणजे साधारण २२ अक्षरांनंतर शीर्षक तुटतं. व्हॉट्सॲपवर ती लिंक बघून घरचे विचारतात, “व्हायरस आहे का रे?”

म्हणून ब्लॉगरवर प्रकाशित करण्याआधी, आधी बरं का, उजवीकडे ‘पर्मालिंक’ (म्हणजे नोंदीचा पत्ता) उघडा, ‘कस्टम’ निवडा आणि रोमन लिपीत दोन-तीन शब्द द्या, मध्ये आडवी रेघ. नंतर बदलायचं तर नोंद मसुद्यात परत न्यावी लागते आणि जुनी लिंक मरते. तसं झालंच तर जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्यावर पाठवायची सोय आहे: सेटिंग्जमध्ये ‘एरर्स अँड रीडायरेक्ट्स’, मग ‘कस्टम रीडायरेक्ट्स’. वरच्या रकान्यात जुना पत्ता, खालच्यात नवा, ‘पर्मनंट’ चालू. इथे शंभरातले नव्वद जण चुकतात (मोजले नाहीत, पण कमेंट वाचून असंच वाटतं): पूर्ण लिंक चिकटवतात. पूर्ण नाही! डोमेननंतरच्या, म्हणजे ब्लॉगच्या ‘डॉट कॉम’नंतरच्या तिरप्या रेघेपासून पुढचाच भाग. नाहीतर ते चालत नाही, आणि मग “भाऊ, तुमची ट्रिक फेल” म्हणून कमेंट येते.

मग सगळ्यांनी मिळून लिहायचे ऑनलाइन कट्टे टिकतात का? काही टिकतात. मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून आहे, कारण तिथे गणेशोत्सव आणि दिवाळी अंक असं ठरलेलं काम असतं, ते काम करणारे बदलत राहतात. लाइव्हजर्नल ही ब्लॉगची जुनी साइट २००७ मध्ये रशियन कंपनीकडे गेली, त्यानंतर तिथल्या जुन्या मंडळींपैकी काहींनी तिच्याच कोडवर २००९ मध्ये ड्रीमविड्थ उभारलं. जाहिराती नाहीत, सभासदच पैसे भरतात, आजही चालू आहे. उलट जिओसिटीज, जिथे लोक आपापली फुकट वेबपानं बनवायचे, ते याहूने २००९ मध्ये बंद केलं, कारण घर लोकांचं होतं, पण प्लॉट कंपनीचा.

आणखी एक. ब्लॉगरचा ‘बॅकअप’ घेतला की नोंदी आणि प्रतिक्रिया येतात, फोटो आलेत का ते उघडून बघा. नसतील तर ते वेगळे उतरवावे लागतात. आणि ज्या जुन्या जीमेलवर ब्लॉग आहे, त्यात आजच एकदा लॉगिन करा. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं, हे धोरण २०२३ मध्ये आलंय. पासवर्ड आठवत नसेल तर रिकव्हरीचा फोन नंबर तपासा, बहुतेक तो तुमच्या जुन्या सिमचाच निघेल.