पिस्टन फोर्ट वेनचा

(पडद्यावर: तळहातावर ठेवलेला ॲल्युमिनियमचा पिस्टन)

हा पिस्टन. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये वरखाली पळणारा. बास्केटबॉलवाल्यांना मात्र ‘पिस्टन्स’ म्हटलं की डेट्रॉइटचा संघ आठवतो. मोटारींचं शहर, त्यामुळे नाव शोभतंही. पण हे बारसं डेट्रॉइटचं नाही. ते झालं इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनमध्ये, तेही कारखान्याच्या पाटीवरून.

(कारखान्याची जुनी छायाचित्रं)

झोलनर कुटुंबाचा हा कारखाना १९३१ साली मिनेसोटा राज्यातल्या डुलुथहून इथे आला. ट्रक, ट्रॅक्टर अशा दणकट इंजिनांचे पिस्टन बनवायचा. मालक फ्रेड झोलनर यांना खेळाचं भारी वेड. त्यांनी कंपनीचा संघ उभा केला. आपल्याकडे बँकांचे कबड्डी संघ असतात ना, तसाच. १९४१ साली हा संघ नॅशनल बास्केटबॉल लीगमध्ये उतरला. सुरुवातीचे खेळाडू कारखान्याच्याच पगारावर, आणि सामने एका हायस्कूलच्या जिममध्ये. १९४४ आणि १९४५, लागोपाठ दोन विजेतेपदं.

(झोलनर यांचं छायाचित्र)

१९४९ साली दोन लीग एकत्र येऊन एनबीए, म्हणजे अमेरिकेची आजची मोठी व्यावसायिक बास्केटबॉल लीग, झाली. त्याची बोलणी झोलनर यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाली, असं फोर्ट वेनकर आजही छाती फुगवून सांगतात.

(गुणफलक: १९–१८)

हा आकडा नीट बघा. हा अर्ध्या वेळेचा नाही, पूर्ण सामन्याचा आहे. २२ नोव्हेंबर १९५०, मिनियापोलिस. समोर तिथलाच संघ लेकर्स आणि त्यांचा धिप्पाड जॉर्ज मायकन. त्याच्या हाती चेंडू लागूच द्यायचा नाही, एवढाच पिस्टन्सचा बेत. मग काय, चेंडू धरून नुसते उभे! प्रेक्षक ओरडतायत, हे ढिम्म. अख्ख्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून आठ बास्केट, बाकीचे गुण फाउलनंतरच्या फ्री थ्रोचे. लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण एकट्या मायकनचे, तरी अगदी शेवटच्या क्षणी पिस्टन्सनी एका गुणाने बाजी मारली. एनबीएच्या इतिहासात यापेक्षा कमी गुणांचा सामना नाही.

असा खेळ बघायला तिकीट कोण काढणार? १९५४ साली २४ सेकंदांचं घड्याळ आलं. तेवढ्यात चेंडू बास्केटच्या दिशेने टाकलाच पाहिजे. घड्याळाचा आग्रह धरला सिरॅक्यूस संघाचे मालक डॅनी बियासोने यांनी. त्यांचा धंदा बोलिंगचा, म्हणजे चेंडू गडगडवून पिना पाडायच्या खेळाचा.

(मेमोरियल कोलिझियम, बाहेरून)

आणि त्याच हंगामात पिस्टन्स अंतिम फेरीत! पण घरचं मैदान असलेलं कोलिझियमच मिळेना. तिथे आधीच स्पर्धा ठरलेली, बोलिंगचीच. घरचे सामने इंडियानापोलिसला न्यावे लागले. तिथले तिन्ही जिंकले. सातवा, निर्णायक सामना सिरॅक्यूसमध्ये, तो ९२–९१ असा हरले. बियासोने यांच्याच संघाकडून. पुढच्या वर्षीही अंतिम फेरी, पुन्हा हार.

१९५७ साली झोलनर यांनी संघ डेट्रॉइटला हलवला. शहर मोठं, गर्दी मोठी. कारखाना फोर्ट वेनमध्येच राहिला.

(रिकाम्या कोलिझियमच्या खुर्च्या. निवेदन नाही.)