हाडातली पोकळी आणि टेक्नेशियमचे सहा इलेक्ट्रॉन

जबड्याच्या एक्स-रेत पोकळी दिसते. तुकडा तपासायला पाठवला, तर अहवाल येतो : महाकाय पेशी, आणि भोवती तपकिरी कण. घरच्यांच्या मनात पहिल्यांदा कर्करोगच येतो, आणि डॉक्टरांचं लक्षही त्या हाडावरच खिळतं. अशा वेळी रक्तातलं कॅल्शियम आधी तपासा, एवढं माझं आग्रहाचं सांगणं आहे. कारण ही ‘तपकिरी गाठ’ असू शकते. ती कर्करोग नव्हे. तिचं मूळ हाडात नसतं, बहुतेक वेळा मानेत असतं : अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या मागे, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथी असतात, त्यांतली एखादी वाढलेली असते.

ही ग्रंथी बेताल झाली की तिचं संप्रेरक हाड खाणाऱ्या पेशींना, म्हणजे ऑस्टिओक्लास्टना, सतत कामाला लावतं. कॅल्शियम रक्तात येतं आणि हाड पोखरलं जातं. त्या जागी तंतुमय ऊतक भरतं, बारीक रक्तस्राव होत राहतात. हिमोग्लोबिनमधलं लोह +2 अवस्थेत असतं, म्हणजे त्यानं दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. पेशींनी रक्ताची विल्हेवाट लावताना त्याचं ऑक्सिडीकरण होऊन ते +3 होतं आणि हिमोसिडेरिन या तपकिरी कणांच्या रूपात साठतं. गाठीचा तपकिरी रंग तो हाच.

हाडांचा हा आजार जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फोन रेकलिंगहाउझेन यांनी 1891 साली वर्णन केला, पण कारण आणि परिणाम यांची उलटापालट पुढे बरीच वर्षं टिकली. हाडं दुबळी झाली म्हणून ग्रंथी मदतीला वाढते, अशी समजूत होती. व्हिएन्नात शल्यविशारद फेलिक्स मांडल यांनी 1925 साली एका ट्राम कंडक्टरला त्याच समजुतीनं आधी ग्रंथीचा अर्क दिला, ग्रंथीचं रोपणही केलं. उपयोग झाला नाही. मग त्यांनी ग्रंथीची गाठच काढली, आणि रुग्णाच्या हाडांचं दुखणं ओसरलं. अमेरिकेतले जहाजाचे कप्तान चार्ल्स मार्टेल इतके सुदैवी नव्हते. त्यांची उंची सुमारे 18 सेंटीमीटरनं घटली होती. सहा शस्त्रक्रियांत गाठ सापडली नाही. 1932 साली, सातव्या खेपेला, ती छातीच्या पोकळीत मिळाली. काही आठवड्यांतच ते वारले. गाठ कुठे आहे, हे चाकू लावण्याआधी कळणं किती मोलाचं, ते यावरून लक्षात येईल.

आज ते काम करायला एक किरणोत्सारी धातू मदत करतो : टेक्नेशियम-99एम. तो टोचला की त्याचे किरण कॅमेऱ्यानं टिपून शरीरात तो कुठे साठला ते पाहतात; हाच स्कॅन. त्याचा अर्धायुकाल सुमारे 6 तास. तो ज्या उपकरणातून मिळवतात त्या जनरेटरमधून तो परटेक्नेटेट या संयुगाच्या रूपात बाहेर येतो, तेव्हा त्याची ऑक्सिडीकरण अवस्था +7 असते. आपल्याला हवा असतो +1, म्हणजे प्रत्येक अणूला सहा इलेक्ट्रॉन द्यावे लागतात. ते देण्यासाठी औषधाच्या कुपीत स्टॅनस क्लोराइड हे कथिलाचं (टिनचं) संयुग असतं. सोबत तांब्याला चिकटलेले आयसोनायट्राइल लिगँड, म्हणजे धातूला धरून ठेवणारे रेणू, असतात. कुपी उकळत्या पाण्यात 10 मिनिटं ठेवली की लिगँड तांब्याला सोडतात आणि सहाही बाजूंनी टेक्नेशियमला धरतात. तयार होतं सेस्टामिबी, म्हणजे टोचायचं औषध.

या रचनेची मला खरोखर ओढ वाटते. एरवी +1 अवस्थेतलं टेक्नेशियम हवेत टिकणं अवघड. पण आयसोनायट्राइल धातूकडचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतात, धातूचे बाहेरच्या डी-कक्षकांतले सहा इलेक्ट्रॉन जोडीजोडीनं बसतात, आणि धातू व लिगँड यांचा हा संकुल (कॉम्प्लेक्स) इतका निश्चल होतो की रक्तातल्या ऑक्सिजनचंही त्याच्यापुढे चालत नाही. वर एक धनभार, भोवती मेदस्नेही आवरण. त्यामुळे ते पेशीत शिरून ऋणभारित मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या अंगकात, जाऊन बसतं. परावटूच्या गाठीत मायटोकॉन्ड्रियानं गच्च भरलेल्या पेशी पुष्कळ असतात. सुरुवातीच्या चित्रात अवटू आणि गाठ दोन्ही उजळतात. दोनेक तासांनी अवटूतलं सेस्टामिबी बरंचसं निघून जातं, गाठीतलं राहतं.

मात्र कुपीत हवा शिरली, तर स्टॅनस टिनचंच ऑक्सिडीकरण होतं आणि +7 चं टेक्नेशियम तसंच उरतं. ते अवटू, लाळग्रंथी आणि जठराकडे धावतं. उजळलेल्या अवटूशेजारी बारीक गाठ हरवून जाते. म्हणूनच कुपीत नायट्रोजन भरलेला असतो, आणि टोचण्याआधी शुद्धता, म्हणजे सेस्टामिबी झालेल्या टेक्नेशियमचं प्रमाण, किमान 90 टक्के आहे ना, हे तपासायचं असतं. ही तपासणी कुणी उगाचची समजू नये. तिच्यावर शस्त्रक्रियेचा छेद कुठे पडणार, हे अवलंबून आहे.

स्कॅन निदान करत नाही, हेही सांगितलं पाहिजे. निदान कॅल्शियम आणि संप्रेरकाच्या पातळीवरून होतं. स्कॅन फक्त जागा दाखवतो, आणि चारही ग्रंथी वाढलेल्या असतील तर पुष्कळदा चुकतो. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात असं होतं, तिथे विचार वेगळा करावा लागतो.

गाठ निघाली की हाडं भुकेल्यासारखी कॅल्शियम ओढून घेतात. रक्तातली पातळी धोकादायक खाली जाऊ शकते, हातपाय मुंग्या येऊन आखडतात. म्हणून पहिले काही दिवस ती पुन्हा पुन्हा मोजायची, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व द्यायचं. जबड्यातली पोकळी बहुधा पुढच्या काही महिन्यांत, तिला हात न लावताच, भरत जाते.