शुक्राची कड उजळ की अंधुक?

श्रोतेहो, नमस्कार. सूर्याला सगळ्यात जवळ बुध, पण सगळ्यात तापलेला ग्रह शुक्र. जमिनीवर साधारण ४६५ अंश सेल्सिअस, दिवसाही आणि रात्रीही. हे कशामुळे, याबद्दल तर्क पुष्कळ झाले. त्यांची परीक्षा कशी झाली, ती हकीकत सांगायला मला फार आवडतं.

१९५६ साली शुक्राकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरी, म्हणजे मायक्रोवेव्ह, मोजल्या, तर हिशेबाने तापमान ३०० अंशांच्या वर गेलं! काही जण म्हणाले, जमीनच तापलीय. दुसरे म्हणाले, छे, या लहरी वरच्या आयनांबरातल्या, म्हणजे हवेच्या अगदी वरच्या, विद्युतभारित कणांच्या थरातल्या. आता निवाडा कसा करायचा?

चाळणी समोर धरा, पलीकडचं दिसतं. तिरकी धरा, भोकं बुजतात. ग्रहाच्या कडेलाही आपली नजर हवेतून अशीच तिरकी जाते. खालची जमीन तापलेली असेल, तर मधला जाड थर लहरी अडवणार आणि कड अंधुक दिसणार. तापलेला थरच वर असेल, तर कडेला तो जास्त दिसणार आणि कड उजळणार. पुन्हा सांगतो: तापलेली जमीन, कड अंधुक, तापलेलं आयनांबर, कड उजळ.

२७ ऑगस्ट १९६२ ला मरिनर-२ हे अमेरिकी यान शुक्राकडे निघालं. मरिनर-१ महिनाभर आधीच उड्डाणात नष्ट झालं होतं. वाटेत एक सौरपट्टी निकामी झाली, यान तापत गेलं. १०९ दिवसांनी, १४ डिसेंबरला, शुक्र समोर आला, आणि मोजणी आपोआप सुरूच होईना! शेवटी पृथ्वीवरून आज्ञा पाठवली. यानावरच्या मापकाची नजर शुक्राच्या चकतीवरून तीनदा फिरली, मोजके आकडे आले. कड अंधुक होती! जमीनच तापलेली होती.

यानावर कॅमेरा नव्हता. चित्राशिवाय विज्ञानाची बातमी हल्ली कुणाला नको असते, याचं मला वाईट वाटतं. मुलांना आकडे मोठ्याने वाचायला शिकवावं, असं माझं ठाम मत आहे. असो.

१९७० साली व्हेनेरा-७ हे सोव्हिएत यान शुक्रावर प्रत्यक्ष उतरलं, तेव्हा जमिनीच्या उष्णतेवर शिक्कामोर्तब झालं.

मग ही उष्णता नुसत्या दाबाची का? शुक्रावर हवेचा दाब आपल्या नव्वदपट आहे खरा. पण सायकलचा पंप मारताना तापतो, ठेवून दिला की गार होतो. खोल समुद्राच्या तळाशी दाब शेकडोपट, तरी पाणी थंडगार. दाब सतत उष्णता पुरवत नाही. शुक्राचे ढग तीन चतुर्थांश ऊन परतवतात. शोषलेलं ऊन आपल्यापेक्षाही कमी. पण तेवढ्याची उष्णता कार्बन डायऑक्साइडचा जाड थर सहज बाहेर पडू देत नाही. मंगळाची हवाही बहुतेक त्याच वायूची, पण इतकी विरळ की तिथे सरासरी उणे ६० अंशांच्या आसपास गारठा असतो.