माऊसकडून बोटाकडे

(दृश्य: मोबाईलची स्क्रीन. एक बॅटरी, एक बल्ब, तारेचे तुकडे.)

बोटाने तार ओढली, बॅटरीला जोडली. दुसरी तार बल्बला. लागला बल्ब! आता बल्ब काढून टाकू आणि तार थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावू... बॅटरीवर ज्वाळा. हात भाजला नाही, फ्यूज उडाला नाही, आणि शॉर्टसर्किट म्हणजे काय ते डोळ्यांनी पाहिलं.

हे आधी काढून ठेवलेलं कार्टून नाही. तुम्ही एक तार हलवलीत की किरचॉफच्या नियमांनी (सर्किटमधल्या विजेचा हिशेब मांडणारे नियम) सगळ्या सर्किटचं गणित नव्याने सुटतं. म्हणून हे सिम्युलेशन.

ते बनवलं अमेरिकेत, बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या 'फेट' प्रकल्पाने. कार्ल वायमन यांना २००१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. त्या बक्षिसातले काही पैसे घालून त्यांनी २००२ मध्ये फेट सुरू केलं. सिम्युलेशन्स लिहिली गेली जावा आणि फ्लॅश या प्रोग्रॅमिंगच्या साधनांत, टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी.

२०१० मध्ये आयपॅड आला. त्याच्या ब्राउझरमध्ये फ्लॅश चालत नव्हतं, जावाही नाही. पुढे घरोघरी फोन पोचला, अगदी जिथे कॉम्प्युटर कधीच आला नव्हता तिथेही. मग एकेक सिम्युलेशन एचटीएमएल-५ मध्ये, म्हणजे फोनच्या ब्राउझरलाही समजणाऱ्या भाषेत, पुन्हा लिहायला घेतलं.

(दृश्य: तारेच्या टोकावर बोट, अगदी जवळून.)

हे बघा. माऊसचा बाण टोकदार असतो, बोट जाड. शिवाय जे धरायचं तेच बोटाखाली झाकलं जातं. म्हणून तारेच्या टोकाभोवती एक मोठा, न दिसणारा भाग ठेवलेला असतो. बोट जवळपास कुठेही टेकलं तरी तार हातात येते. कुणाच्या लक्षातही येणार नाही असं हे काम, पण मला त्याचं फार मोल वाटतं.

दुसरी अडचण वेळेची. दुसऱ्या एका सिम्युलेशनमध्ये पेटीत वायूचे कण उडताहेत. कणाचा वेग गुणिले स्क्रीनवरच्या दोन चित्रांमधे गेलेला वेळ, यावरून त्याची पुढची जागा ठरते. स्वस्तातला फोन क्षणभर अडखळला की हा वेळ वाढतो, आणि कण एका उडीत भिंतीपलीकडे! म्हणून एका पावलात जास्तीत जास्त किती वेळ मोजायचा, याला मर्यादा घालतात. कण जरा सावकाश चालतात, पण पेटीतच राहतात.

आणि सगळं सिम्युलेशन, चित्रं-आवाजांसकट, एकाच फाइलमध्ये. एकदा उतरवून घेतलं की नेट नसलं तरी चालतं. जिथे रेंजसाठी गच्चीवर जावं लागतं, तिथे याची किंमत कळते.

(दृश्य: तीच स्क्रीन, आता मराठीत.)

यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. फेटची भाषांतरं जगभरचे स्वयंसेवक करतात. शब्द लांबला तर अक्षरं आपोआप लहान होऊन चौकटीत बसतात. 'करंट' की 'विद्युतधारा'? माझं मत विचाराल तर पाठ्यपुस्तकातलाच शब्द घ्यावा. पुस्तकात वाचलेला शब्द मुलांना स्क्रीनवरही भेटायला हवा.

जावातली काही जुनी सिम्युलेशन्स अजून नव्याने लिहायची राहिली आहेत. ती यावीत, लवकर यावीत.

(दृश्य: बोट दुसरा बल्ब उचलतं आणि पहिल्यापुढे एकसरीत जोडतं. दोन्ही बल्ब मंद होतात. बोट क्षणभर थांबतं, मग आणखी एक बॅटरी ओढून आणतं.)