पॅरिसचा संप, १२२९

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेत शिकलेल्या इतिहासातून मध्ययुगीन युरोपबद्दल बहुतेकांच्या लक्षात एकच शब्द राहतो: अंधारयुग. मला हा शब्द मुळीच पटत नाही. याच काळात पॅरिसच्या नोत्र दाम या मोठ्या चर्चची भिंत चढत होती. १२०२ साली पिसाच्या लिओनार्दोनं भारतीयांचे नऊ अंक आणि शून्य इटलीच्या व्यापाऱ्यांपुढे मांडले. त्याच शतकाच्या अखेरीस इटलीत म्हाताऱ्या डोळ्यांवर चष्मा आला. पण आज मी बोलणार आहे ते या काळानं जगाला दिलेल्या एका संस्थेबद्दल, विद्यापीठाबद्दल. आणि विद्यापीठाबद्दल बोलायचं तर पॅरिसच्या संपाची गोष्ट सांगायलाच हवी.

आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्या वेळच्या पॅरिस विद्यापीठाला इमारत नव्हती. मुंबईत फोर्टात राजाबाई टॉवर आहे, शेजारी विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदानं भारतात पाऊलही न ठेवता त्याचे आराखडे केले, आणि १८७८ साली तो टॉवर पुरा झाला. ती कमानदार गॉथिक शैली मध्ययुगीन युरोपची. पण त्या युरोपातल्या पॅरिसच्या मास्तरांकडे असलं काही नव्हतं. भाड्याची खोली, जमिनीवर पेंढा, पेंढ्यावर बसलेली मुलं आणि समोर मास्तर. शिंप्यांचा संघ असे, सुतारांचा संघ असे, तसा हा शिकवणाऱ्यांचा आणि शिकणाऱ्यांचा संघ. इमारत नाही, माणसं. हे पुढे फार उपयोगी पडलं.

तर साल १२२९. फेब्रुवारीचे अखेरचे दिवस, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपास सुरू होण्यापूर्वीचा कार्निव्हल. गोव्यात आजही होतो, तोच. पॅरिसच्या वेशीबाहेर सें मार्सेल नावाची वस्ती होती. काही विद्यार्थी तिथे फिरायला गेले आणि एका गुत्त्यात शिरले. दारू उत्तम निघाली. प्यायले, आणि पैसे द्यायची वेळ आल्यावर बिलावरून जुंपली. एवढे नाही, तेवढे. आवाज चढले, मग थपडा, मग केस ओढणं. आजूबाजूचे लोक गुत्तेवाल्याच्या मदतीला धावले आणि पोरांना चोप देऊन हाकलून दिलं.

दुसऱ्या दिवशी पोरं परत आली. या वेळी हातात तलवारी आणि सोटे, आणि सोबत भरपूर मित्र. गुत्त्यात घुसून त्यांनी भांडी फोडली, पिंपांच्या तोट्या सोडून दारू जमिनीवर वाहू दिली, आणि मग रस्त्यात दिसेल त्याला मारत सुटली. बाई पाहिली नाही, पुरुष पाहिला नाही. विद्यार्थ्यांचं हे वागणं निंद्यच होतं, त्यात मी त्यांची बाजू घेणार नाही.

तिथल्या मठाच्या प्रमुखानं तक्रार केली. पण विद्यार्थी कायद्यानं धर्मसेवक मानले जात, त्यांचा न्याय चर्चच्या कोर्टात व्हायचा. राजाच्या माणसांनी त्यांना हात लावायचा नाही, अशी सनद तेव्हाच्या राजानं १२०० सालीच दिली होती. आणि ती सनदसुद्धा अशाच एका गुत्त्यातल्या मारामारीनंतर मिळालेली! तरीही तक्रार दरबारात पोचली. राजा नववा लुई चौदा वर्षांचा, कारभार त्याच्या आईकडे, राणी ब्लांशकडे. राणीनं तडकाफडकी हुकूम सोडला: कोतवालानं शिपाई घेऊन जावं आणि दंगेखोरांना शिक्षा करावी.

कोतवाल निघाला. तटाबाहेर काही विद्यार्थी खेळत होते. ते वेगळेच. गुत्त्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता, त्यांच्या हातात शस्त्रही नव्हतं. शिपाई त्यांच्यावर तुटून पडले. काही पोरं जिवानिशी गेली, काही जखमी झाली, बाकीची वाट फुटेल तिकडे पळाली.

आता मास्तर एकत्र आले. त्यांनी राणीकडे न्याय मागितला, बिशपकडे मागितला, पोपच्या वकिलाकडे मागितला. कोणी दाद देईना. तेव्हा त्यांनी ठराव केला: ईस्टरनंतर महिन्याभरात भरपाई मिळाली नाही, तर पॅरिसमध्ये सहा वर्षं कोणी शिकवणार नाही आणि कोणी शिकणार नाही. सहा वर्षं, श्रोतेहो! मुदत संपली. न्याय मिळाला नाही. आणि विद्यापीठ उठून चालू लागलं.

इमारत नव्हती ना! मागे सोडायचं काय? भाड्याच्या खोल्या सोडल्या, पुस्तकं पाठीवर घेतली आणि निघाले. कोणी ऑर्लियांला, कोणी आंजेला. इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीनं जुलैत पत्र पाठवलं की आमच्याकडे या, हवं ते गाव निवडा. त्यातून ऑक्सफर्ड-केंब्रिजला माणसं मिळाली. दक्षिणेत तुलूझला त्याच वर्षी नवं विद्यापीठ निघत होतं. तिथल्या मास्तरांनी जे निमंत्रण काढलं ते मला तोंडपाठ करावंसं वाटतं. इथे दारू स्वस्त, भाकरी स्वस्त, मांस-मासे स्वस्त, आणि निसर्गावरची जी पुस्तकं पॅरिसमध्ये बंद आहेत ती इथे खुशाल ऐका! ती पुस्तकं ॲरिस्टॉटलची. १२१० साली आणि पुन्हा १२१५ साली पॅरिसमध्ये ती शिकवायला मनाई झाली होती. आणि तिकडे दक्षिणेतलं तुलूझ त्याच बंद पुस्तकांचं आमिष दाखवून विद्यार्थी ओढत होतं.

दोन वर्षं पॅरिस असं ओस होतं. शेवटी पोप नवव्या ग्रेगरीनं मध्यस्थी केली आणि १३ एप्रिल १२३१ रोजी आज्ञापत्र काढलं. त्यात काय होतं पाहा. विद्यापीठाच्या माणसाची हत्या झाली, त्याला जबर इजा झाली, आणि ताकीद देऊनही पंधरा दिवसांत भरपाई मिळाली नाही, तर मास्तरांनी शिकवणं थांबवावं. संपाचा हक्क, लेखी! आणि दुसरं: विद्यार्थ्यांच्या खोल्यांचं भाडं ठरवण्याचा हक्क हिरावून घेतला, तरी शिकवणं थांबवायची मुभा. हे वाचलं की मला पुण्यातल्या कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांची आठवण येते. एका खोलीत चार कॉट, घरमालक सांगेल ते भाडं, आणि विद्यापीठाचा त्याच्याशी संबंध नाही. माझं ठाम मत आहे की संबंध असायला हवा. आठशे वर्षांपूर्वी होता.

आज्ञापत्रानं पोरांनाही सोडलं नाही. शस्त्र घेऊन गावात फिरायचं नाही, आणि जो वर्गात जात नाही, ज्याला गुरू नाही, त्याला विद्यार्थी म्हणून सवलती मिळणार नाहीत. हेही योग्यच.

मग हे लोक शिकत कसे? मास्तर ग्रंथ मोठ्यानं वाचून उलगडायचे, आणि नंतर वाद. एक प्रश्न घ्यायचा, विरुद्ध बाजूचे सगळे आक्षेप आधी मांडायचे, मग उत्तर, मग एकेका आक्षेपाचं खंडन. आपल्याकडचे पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. पॅरिसच्याच पीटर अबेलार या मास्तरानं या संपाच्या शंभर वर्षं आधी १५८ प्रश्न घेऊन धर्माचार्यांची एकमेकांना छेद देणारी वचनं समोरासमोर ठेवली होती आणि निर्णय वाचणाऱ्यावर सोडला होता. ज्या काळाला आपण अंधार म्हणतो, त्या काळात हे चाललं होतं.

आणि त्या बंद पुस्तकांचं काय झालं? पोपनं १२३१ साली म्हटलं, ती तपासून, चुका काढून घेईपर्यंत वापरू नका. तपासणी काही पुरी झाली नाही. १२५५ साली पॅरिसच्या कला शाखेनं अभ्यासक्रम ठरवला, त्यात ॲरिस्टॉटलचे ते ग्रंथ सक्तीचे होते. पन्नास वर्षांच्या आत बंदी घातलेली पुस्तकं परीक्षेची पुस्तकं झाली.

ती पुस्तकं पॅरिसपर्यंत पोचली कशी, हा प्रश्न राहिला. त्यातली काही अरबीतून लॅटिनमध्ये आली, आणि ते काम मोठ्या प्रमाणावर झालं स्पेनमधल्या तोलेदो शहरात. टॉलेमीचा खगोलशास्त्राचा ग्रंथ लॅटिनमध्ये मिळेना म्हणून क्रेमोनाचा जेरार्ड तिथे गेला, अरबी शिकला आणि जन्मभर भाषांतरं करत राहिला. त्याच्याबद्दल पुढच्या भाषणात. नमस्कार.